मेलवाले जिभाऊ

जळगावच्या कुठल्याही कॉलनीत एक दातांचा डॉक्टर, दोन क्लासवाले आणि एक जिभाऊ असतातच. डॉक्टरांना पाटी लागते, क्लासवाल्यांना दहावीच्या निकालाचा फ्लेक्स लागतो. जिभाऊंना काहीच लागत नाही. ‘विंडोज बदललं आणि मेल बंद पडला’ एवढं म्हटलं की रिक्षावालासुद्धा पत्ता न विचारता त्यांच्या दारात सोडतो.

आमचे जिभाऊ मूळचे धुळ्याचे, देवपुरातले. नोकरी जळगावला, एका सरकारी कचेरीत, आवक-जावकच्या टेबलावर. कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा साहेबांनी विचारलं, “कोणाला येतो?” सगळ्यांनी माना खाली घातल्या. जिभाऊंना नेमकी तेव्हाच शिंक आली आणि मान वर राहिली. तेव्हापासून जिभाऊंना कॉम्प्युटर येतो. हाताला आवक-जावकची सवय, म्हणून त्यातलं मेल हे खातं त्यांनी स्वतःकडे ठेवलं. प्रिंटर, नेट, पोरांचे गेम हे सगळं गोलाणी मार्केटच्या मुलांना सोडून दिलं. “ते मजुरीचं काम आहे,” म्हणतात.

फोन हमखास जेवणाच्या वेळी येतो. धुळ्याकडचा असला तर अहिराणीत.

“जिभाऊ, मन्हा सगळा मेल गयात!”

“काय करं तुम्ही?”

“मी काहीच नही करं. आपोआप व्हयनं.”

या ‘आपोआप’वर जिभाऊंचा काडीचा विश्वास नाही. त्यांच्या मते आपोआप होण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या घरात एक भाचा येऊन गेलेला असतो. तो पुण्याला इंजिनीअरिंगला असतो, त्याला मामाचं जुनं विंडोज बघवत नाही, आणि मामीची शेवभाजी उकळेपर्यंत तो नवं टाकून मोकळा होतो. भाचा सकाळी जातो. मेल रात्रीच गेलेला असतो.

जिभाऊ आले की आधी पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघतात. घरच्यांना वाटतं, घाईत आहेत. पण निम्मं दुखणं तिथेच असतं. मदरबोर्डवरचा सीआर 2032 नावाचा चपटा सेल मेला की यंत्र दरवेळी मागच्या कुठल्यातरी सालात जागं होतं. मग मेलच्या सर्व्हरचं सुरक्षेचं प्रमाणपत्र त्याला अजून जन्मालाच न आलेलं वाटतं आणि ते दार उघडत नाही. दाणा बाजारातल्या एका डाळमिलवाल्या शेठना जिभाऊंनी हे सांगितलं, “शेठ, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अजून 2009 चालू आहे.” शेठ पुढे सरकून म्हणाले, “मग तेव्हाच्या भावात हरभरा मिळेल का बघा.”

जिभाऊंचा सुवर्णकाळ म्हणजे 2014 साल. त्या वर्षी 8 एप्रिलला मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीला वाऱ्यावर सोडलं आणि एमआयडीसीतल्या चटईवाल्यांपासून रावेरच्या केळीवाल्यांपर्यंत सगळे सेव्हनकडे धावले. एक्सपीवर आउटलुक एक्सप्रेस होतं. सेव्हनमध्ये मेलचा प्रोग्रामच नव्हता, तो वेगळा उतरवून घ्यावा लागे. त्यातून जुन्या पद्धतीत मेल सर्व्हरवरून घरच्या डिस्कवर आला की सर्व्हरवरून पुसला जाई. ‘सर्व्हरवर एक प्रत ठेवा’ अशी एक चौकट होती, पण ती कोण बघतो? म्हणजे पंधरा वर्षांचा सगळा पत्रव्यवहार त्या एकाच डिस्कवर, तोही लपवलेल्या फोल्डरच्या पोटातल्या फोल्डरात.

“बॅकअप घेतला होता?”

“घेतला ना. पूर्ण माय डॉक्युमेंट्स घेतलं.”

इथे जिभाऊ चष्मा काढून पुसतात. कारण आउटलुक एक्सप्रेसचे मेल माय डॉक्युमेंट्समध्ये कधीच नव्हते. भाच्याने डिस्क फॉरमॅट केली असेल तर जिभाऊ थंड पाणी मागतात, ते स्वतः पीत नाहीत, यजमानांना देतात. पण फॉरमॅट न करताच नवं विंडोज टाकलेलं असलं, तर सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं फोल्डर उरतं. जिभाऊंना ते पहिल्या मिनिटातच दिसतं. ते उघडतात मात्र चहा झाल्यावर. मध्ये अर्धा तास ते नुसते सुस्कारे टाकतात, “कोणी हात लावला होता याला?” असं दोनदा विचारतात आणि भाच्याच्या शिक्षणावर झालेला खर्च चौकशी करून काढून घेतात. मग एकेक करून इनबॉक्स भरायला लागतो, घरातली बायका-मुलं पडद्यासमोर गोळा होतात, आणि ज्या मेलसाठी हा सगळा आकांत चाललेला होता तो विमा कंपनीच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा निघतो.

धुळ्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांचं दुखणं वेगळं होतं. मेल सगळे जागेवर, पण सरांनी जुन्या काळी मराठीत लिहिलेले लेख नव्या विंडोजवर इंग्रजी अक्षरांचा भुगा होऊन दिसत होते. युनिकोड रुळण्याआधी आपले मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर नुसतं ‘केएक्सझेड’. जिभाऊ एसटीने पारोळामार्गे गेले, बॅगेतली ओरखडे पडलेली सीडी घातली, फॉन्ट टाकला. “सर, व्हायरस नव्हता. हा तुमचाच लेख आहे.” सरांनी दोन पानं वाचली आणि म्हणाले, व्हायरस असता तर बरं झालं असतं.

एखादी गोष्ट जमली नाही तर जिभाऊ ‘जमत नाही’ म्हणत नाहीत. ‘सर्व्हर साइडला आहे’ म्हणतात. आणि म्हणताना वर बघतात. मेल आउटबॉक्समध्ये अडकला की ते आधी पोर्ट 25 चं 587 करतात, नंतर अँटिव्हायरस बंद करून बघतात. तरीही हललं नाही तर सर्व्हर साइड. मग कस्टमर केअरला फोन. “मॅडम, हम जळगाव से बोल रहे है. नही नही, गाव नही, जिल्हा है.” पुढचा वेळ मॅडमना जळगाव समजावण्यात जातो. तोवर मेल आपला आपण गेलेला असतो आणि श्रेय जिल्ह्याला मिळतं.

पैसे घेत नाहीत. हिवाळ्यात बामणोदची भरिताची वांगी घेतात, ती घरी करून पाठवलेली चालत नाहीत, कच्ची लागतात. काकूंना दुसऱ्याच्या हातचं भरीत आवडत नाही, आणि जिभाऊंना काकूंना सांगायची हिंमत नाही की आवडतं.

त्यांची खरी ताकद एका निळ्या डायरीत होती. नव्या विंडोजवर मेल जोडायचा म्हणजे पासवर्ड हवा, आणि पासवर्ड कोणालाच आठवत नसे. म्हणून जिभाऊच तो ठरवून देत आणि डायरीत लिहून ठेवत. अर्ध्या कॉलनीचे पासवर्ड त्या डायरीत होते, बहुतेक नातवंडांच्या नावांवर. कोणाची कोणती नात लाडकी, हे त्यामुळे जिभाऊंना सुनांच्या आधी कळे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांच्या विरोधात मत देताना लोक जरा विचार करत, ते उगाच नव्हे.

या डायरीला 30 मे 2022 रोजी ग्रहण लागलं. त्या दिवसापासून गुगलने नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या जुन्या मेल-प्रोग्रामला आत घेणं थांबवायला सुरुवात केली. आता दुहेरी पडताळणी, सोळा अक्षरांचा वेगळा अ‍ॅप पासवर्ड, आणि ओटीपी. ओटीपी येतो हिंजवडीतल्या मुलाच्या मोबाइलवर. मुलगा मीटिंगमध्ये. बाप खुर्चीत, जिभाऊ की-बोर्डवर बोटं रोखून, आणि पलीकडे पोरगा कुजबुजतो, “बाबा, आठ-दोन-पाच... नंतर करतो.” जिभाऊंना हे अपमानास्पद वाटतं. पूर्वी सगळी गुपितं त्यांच्याकडे असत, आता सहा आकड्यांसाठी पुण्याकडे हात पसरावा लागतो.

तरी 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज टेनची मुदत संपली तेव्हा फोन पुन्हा वाजू लागले. अकरा घालावं तर मदरबोर्डवर टीपीएम 2.0 हवं. जुन्या यंत्रांत ते नसतं. जिभाऊ घरोघर जाऊन डबे उघडून बघून आले आणि एखाद्याच्या एक्स-रेवर बोट ठेवावं तशा आवाजात “याला झेपायचं नाही” सांगून आले. चेहरा मात्र खुललेला होता.

त्यांच्या स्वतःच्या घरी अजून विंडोज सेव्हन आहे. एकदा विचारलं, “जिभाऊ, तुमचा मेल चालतो का यावर?”

“मेल? मी मेल ठेवलेलाच नाही.”

“म्हणजे?”

“मला कोण करणार मेल? ज्यांचा चालू असतो त्यांना माझी आठवण येत नाही. आणि ज्यांचा बंद पडतो ते फोनच करतात ना, भो.”