कंबरडे

आमच्या पेठेत अध्यक्षांना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. त्यांच्या आईसुद्धा शेवटी शेवटी सुनेला "अध्यक्ष जेवले का गं?" असंच विचारायच्या. स्वतःच्या धान्याच्या दुकानात ते पाहुण्यासारखे येतात. गल्ल्यावर मुलगा, काट्यावर जुना गडी, आणि हे बाकड्यावर फाईल चाळत बसलेले. कुणी तांदळाचा भाव विचारला की मुलाकडे बोट दाखवतात. तांदळावरच्या जीएसटीचं मात्र चुकूनही विचारू नये. गिऱ्हाइकाच्या घरचा कुकर करपतो.

मी पेठेतल्या व्यापारी संघटनेचा चिटणीस. माझं स्टेशनरीचं दुकान, त्यामुळे कागद माझा, कार्बन माझा, आणि मी शाळेत मराठीत पहिला आलो होतो ही बातमी फुटल्यामुळे मजकूरही माझाच. लेटरहेडची डावी बाजू आजी-माजी पदाधिकाऱ्यांच्या नावांनी भरलेली आहे. उरलेल्या चार बोटांच्या पट्टीत "उपरोक्त विषयास अनुसरून" बसवायचं, आणि तिसऱ्या वाक्यात व्यापाऱ्याचं कंबरडं मोडायचं, असा शिरस्ता आहे. एकदा मी बदल म्हणून "छोटा व्यापारी अडचणीत आला आहे" असं लिहिलं. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला. "चिटणीस, अडचण माझ्या जिन्यातही आहे. मंत्र्याला त्याचं काय? कंबरडं घाला."

घातलं. आधी ते जकातीने मोडायचं. मग जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तेव्हा त्याने मोडलं. नाक्यावर ट्रक अडतात म्हणून वीस वर्षं जकातीशी भांडलेले अध्यक्ष २०१३च्या बंदमध्ये चौकात उभं राहून सांगत होते, "जकात परवडली! नाक्यावर काय ते एकदाच. हे तर वह्या मागतात वह्या!" १ ऑगस्ट २०१५ला पन्नास कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी गेला. आमच्या पेठेतली सगळी दुकानं मिळून तरी पन्नास कोटी होतात का, याबद्दल दुमत आहे, आणि ते दुमत चारचौघांत मांडायचं नाही असा संघटनेचा ठराव आहे. फटाके वाजले, पेढे वाटले. अध्यक्ष आठवडाभर गप्प गप्प होते. मग जुन्या वर्षांच्या कर-निर्धारणेच्या नोटिसा येऊ लागल्या आणि त्यांचा चेहरा पुन्हा टवटवीत झाला. कर मेला, पण तेरावं काही उरकेना.

प्लॅस्टिकबंदीचा किस्सा वेगळा. २३ जून २०१८ला बंदी लागू झाली. पहिला दंड पाच हजार, दुसरा दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तुरुंग. सुटी डाळ बांधायची कशात? अध्यक्षांनी त्याच रात्री माझ्याकडून निवेदन लिहून घेतलं. थोड्याच दिवसांत किराणा पॅकिंगच्या पन्नास मायक्रॉनवरच्या प्लॅस्टिकला सवलत मिळाली. "बघितलंत? आपल्या पत्राने हललं सरकार." पत्र २६ तारखेला पोचलं होतं, त्याची पोच त्यांनी लॅमिनेट करून दुकानात लावली आहे. राज्यातल्या प्रत्येक पेठेत एक अध्यक्ष आहे आणि प्रत्येकाच्या भिंतीवर एक पोच आहे, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

पण त्यांना हसून सोडून देता येत नाही. महापालिकेचं पथक एकदा फुटाणेवाल्या म्हाताऱ्याच्या दुकानात शिरलं आणि पाकिटं पातळ आहेत म्हणून पावतीपुस्तक उघडलं. अध्यक्ष पायात स्लिपर अडकवून धावले. खिशातून त्यांनी स्क्रू गेज काढला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तोच. पाकीट मधे धरून टिक टिक टिक फिरवला आणि निरीक्षकापुढे केला. "वाचा साहेब. छप्पन्न. आता तुमचं यंत्र काढा." पथकाकडे यंत्र नव्हतं. पथक फुटाणे घेऊन गेलं, पैसे देऊन. त्या दिवशी निवेदन लागलं नाही, आणि म्हणूनच की काय, हा किस्सा ते स्वतः कधी सांगत नाहीत.

जुलै २०२२मध्ये पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर पाच टक्के जीएसटी आला. अध्यक्षांनी अकरा पानी निवेदन केलं. मुलाने सव्वीस किलोची पोती मागवली. बापलेक दोन दिवस बोलत नव्हते.

हे अकरा पानी निवेदन घेऊन आम्ही पाच जण मंत्रालयात गेलो. पहाटे चारला निघालो, दुपारी पासच्या रांगेत लागलो. रांगेत अध्यक्ष पुढच्या-मागच्यांना सांगत होते, वालचंद हिराचंदांनी १९२७ साली महाराष्ट्र चेंबर काढलं, आपण त्याच परंपरेतले. मागचा माणूस विहिरीच्या अनुदानासाठी आला होता. तो हो म्हणाला. दालनाबाहेर अडीच तास गेले. आत चाळीस सेकंद. त्यातले तीस फोटोत गेले, कारण एक लिफाफा पाच जणांनी धरायचा तर खांदे तिरके करावे लागतात. साहेबांनी समासात "तपासून सादर करावे" असा शेरा मारून कागद बाजूला सरकवला. बाहेर आल्यावर अध्यक्षांनी त्याचं मराठीतून मराठीत भाषांतर केलं: "तत्त्वतः मान्य." दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तेच आलं. फोटोत माझं कोपर आहे.

परतताना रात्री एक वाजता ढाब्यावर थांबलो. बिल आलं. अध्यक्षांनी ते दिव्याखाली धरलं, खालचा पाच टक्क्यांचा आकडा पाहिला आणि मालकाला हळूच विचारलं, "कच्चं नाही का जमणार?" मालक म्हणाला, नाही जमत हो, आजकाल मशीनवरच निघतं, फार त्रास आहे. त्रास हा शब्द ऐकताच अध्यक्ष खुर्ची ओढून त्याच्याजवळ सरकले. "तुमची इकडे संघटना आहे का?" संघटना नव्हती. बिल पूर्ण चुकतं झालं, आणि त्यांनी माझ्या पिशवीकडे हात केला.

"चिटणीस, कागद काढा. विषय: महामार्गावरील छोटे हॉटेल व्यावसायिक."

मी येता-जाता गाडीच्या मागच्या सीटवर, स्टेपनीशेजारी, पाय पोटाशी घेऊन बसलो होतो. पेन उघडलं. तिसऱ्या वाक्यातला तो शब्द इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कुणी न सांगता लिहिला.