माइक दुसऱ्यांसाठी असतो

हेडसेट घेताना माणूस फक्त स्वतःच्या कानांचा विचार करतो. पुण्यात तापकीर गल्लीत जा नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दुकानदार एक दणदणीत गाणं लावतो आणि म्हणतो, "बेस बघा साहेब, बेस!" आपण मान डोलावतो आणि पैसे मोजतो. गालापाशी आलेल्या त्या दांडीतून आपण दुसऱ्याला कसे ऐकू जाऊ, हे कुणी विचारत नाही. का विचारावं? तो त्रास आपल्याला होणारच नसतो. तो होतो मीटिंगमधल्या मंडळींना आणि परदेशातल्या भाचीला. त्यात आपण भिडस्त. समोरचा विहिरीतून बोलल्यासारखा वाटला तरी "येतोय, येतोय" म्हणून मोकळे होतो.

पंख्याखाली बसून काम करणाऱ्या आपल्या देशात माइक तोंडाजवळच हवा, असं माझं ठाम मत आहे. लॅपटॉपचा माइक हातभर लांब. तो पंखा, कुकरची शिट्टी आणि भंगारवाल्याचा भोंगा सगळ्यांना सारखाच मान देतो. माइकचं तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की आवाजाची तीव्रता साधारण चौपट होते. पंखा आहे तिथंच राहतो. फक्त दांडी थेट ओठांसमोर नको, कोपऱ्याला हवी. नाहीतर "भाऊ, फार भारी" एवढं म्हणताच पलीकडे वादळ सुटतं. टेबलावर ठेवायचे स्टुडिओछाप कंडेन्सर माइक रुबाबदार दिसतात खरे, पण भिंती उघड्या असलेल्या खोलीत ते घुमणारा आवाजही इमानेइतबारे टिपतात.

ब्लूटूथचं दुखणं निराळं. गाणं सुरेल वाजत असतं, मीटिंग सुरू झाली की तोच हेडसेट जुन्या टेलिफोनसारखा बोलू लागतो. आपण नेटला शिव्या घालतो. नेट बिचारं निर्दोष असतं. माइक चालू होताच बहुतेक ब्लूटूथ हेडसेट गाण्याची पद्धत सोडून फोनच्या पद्धतीवर येतात आणि आवाजाचा दर्जा घसरतो. सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा निवडला की निदान आपल्या कानांपुरता तो परत येतो. मला विचाराल तर रोजच्या मीटिंगला वायरवालाच बरा. त्यातही यूएसबीचा, कारण त्याचं साउंड कार्ड त्याच्या पोटातच असतं.

दोन पिनांच्या हेडसेटवर तर फार अन्याय होतो. हिरवी पिन ऐकायची, गुलाबी बोलायची. हल्लीच्या लॅपटॉपला मात्र एकच भोक, तेही तीन काळ्या रेघांच्या पिनेसाठी. मधे जोडणी लावली नाही की माइक गप्प, आणि चांगला हेडसेट भंगारात. हेडसेटमधल्या माइकची ती इवलीशी गोळी बहुधा इलेक्ट्रेट जातीची असते. 1962 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेऱ्हार्ड सेसलर यांनी ती घडवली. तिला कॉम्प्युटरकडून थोडी वीज लागते. चुकीच्या भोकात ती उपाशी राहते. पण हेडसेट भंगारात टाकण्याआधी वायरवरचं म्यूटचं बटण बघा. मग कॉम्प्युटर नेमका कोणत्या माइकला कान देतोय ते, आणि ब्राउझरला परवानगी दिलीय का ते. निम्मे आजार इथंच बरे होतात.

कान गच्च झाकणाऱ्या हेडसेटचा एक सामाजिक धोकाही आहे. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून माणूस ओरडू लागतो आणि आपलं अप्रेझल सगळ्या सोसायटीला कळतं. काही हेडसेट आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात सोडतात. ही सोय बेसपेक्षा मोलाची आहे, पण दुकानदार तिचं नावही काढत नाही.

तेव्हा दुकानात गाणं लावायला सांगू नका. हेडसेट चढवा आणि जरा कमी ऐकू येणाऱ्या आत्याला फोन लावा. "अरे, नीट बोल की!" असं तिनं एकदाही म्हटलं नाही, तरच पैसे द्या.