जग वाचवण्यापूर्वी मासे आणा: नवशिक्यांसाठी सूचना

प्रथम उमेदवाराची पात्रता. अकिरा तोरियामांची मूळ चित्रकथा (१९८४ ते १९९५) वाचलेली असण्याची अट नाही. तिच्यावरून निघालेल्या ‘ड्रॅगन बॉल झी’ मालिकेचे २९१ भाग पाहिलेले असण्याचीही नाही. शाळेतून आल्यावर दप्तर न काढताच कार्टून नेटवर्कसमोर बसणाऱ्यांना थोडी सवलत मिळेल, इतकंच. सायबरकनेक्ट टू या जपानी कंपनीने बनवलेला आणि बंदाई नामकोने जानेवारी २०२० मध्ये बाजारात आणलेला ‘ड्रॅगन बॉल झी: काकारॉट’ हा खेळ मालिकेची गोष्ट पहिल्यापासून सांगतो. खेळणाऱ्याकडे धड चालणारे दोन अंगठे आणि घरकामाची आवड हवी. दुसरी अट गमतीने घातलेली नाही.

आपण आता गोकू, म्हणजे या गोष्टीचे नायक, आहात. पृथ्वीवर आपल्याइतका बलवान कोणी नाही, तेव्हा गोहान या आपल्या पोराला बरोबर घ्या आणि जेवणाचं सामान आणायला निघा. मासे धरण्यासाठी पाण्याकाठी बसून पाठीमागे खोटी शेपटी बांधायची. खरी शेपटी केव्हाच गेली, पण लहानपणी तिचंच आमिष दाखवून मासे धरले होते, तेव्हा पद्धत बदलण्याचं कारण नाही. मासा येईल, त्याच क्षणी बटण दाबायचं. क्षण हुकला तर मासा जाईल. लाज वाटून घेऊ नका. पुढे दात-ओठ खात चालून येणाऱ्या परग्रहवासीयांपेक्षा मासेच जास्त वेळा हातातून निसटणार आहेत. डायनासोर दिसला तर घाबरून पळण्याआधी त्याच्याकडे स्वयंपाकाच्या दृष्टीने पाहा. त्याचं मटण होतं.

हे सगळं नेऊन चीचीच्या हातात द्यायचं. चीची म्हणजे आपली धर्मपत्नी, आणि या खेळातली खरी सेनापती. तिने रांधलेलं साग्रसंगीत जेवण घेतलं की शक्ती काही काळ वाढते आणि तिच्यातला थोडा वाटा अंगी कायमचा मुरतो. डोंगर फोडून जे मिळवायचं, ते पानात वाढून मिळतं. नवशिके इथेच फसतात. दिसेल त्याच्याशी मारामारी करत आभाळभर फिरतात आणि फ्रीझा या खलनायकाच्या शिपायांच्या फुटकळ टोळ्यांत तास घालवतात. या टोळ्या आपण एका ठिकाणाहून दुसरीकडे उडत निघालो की हटकून आडव्या येतात. खेळातला सर्वांत कंटाळवाणा भाग तोच, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांना चुकवा, घरी जा आणि जेवा.

‘पण तिकडे जगाचा अंत होतोय!’ असं वाटेल. होऊ द्या. या विश्वातले खलनायक मुदत देण्याच्या बाबतीत फार उदार आहेत. सायान हे परग्रहावरचे योद्धे येणार, ते वर्षभराने. यंत्रमानव हल्ला करणार, हे भविष्यातून आलेला ट्रंक्स तीन वर्षं आधी कळवतो. सेल तर आखाडा बांधून दहा दिवसांची नोटीस देतो. नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटेल असं फ्रीझाने जाहीर केलं, तेव्हा ती पाच मिनिटं मालिकेत कितीतरी भाग पुरली. खेळात तर सोयच सोय: ठरलेल्या जागी आपण जाईपर्यंत कोणताच प्रलय सुरू होत नाही. तोवर पडेल ती किरकोळ कामं करा, हरवलेलं शोधून द्या, बेसबॉल खेळा. यंत्रमानवांची वाट पाहण्याच्या त्या तीन वर्षांत चीची गोकूला गाडी चालवण्याचा परवाना काढायला पाठवते. ज्याला उडता येतं, त्याने परवाना का काढावा, असा प्रश्न तिला विचारू नका. गोकूचा जुना वैरी पिकोलो, त्यानेही विचारला नाही. तो शिकवणीला सोबत गेला.

आता एक नाजूक बाब. खेळाचं नाव काकारॉट, म्हणजे गोकूचं सायानी नाव. पण काकारॉटची हजेरी जेमतेम. राडिट्झ या सख्ख्या भावाला घट्ट धरून ठेवताना, पिकोलोने सोडलेला किरण दोघांच्याही आरपार जातो आणि नायक सुरुवातीलाच वारतो. खेळ बंद पडला असं समजून रिमोट आपटू नका. चार वर्षांचा गोहान पुढे होतो, आपण त्याचे अंगठे व्हायचं. गोकू तिकडे परलोकात दहा लाख किलोमीटरच्या सर्पमार्गावर धावत असतो. पुढे नामेकला निघतो तर सहा दिवस यानात, पोचला की जखमी होऊन औषधी पाण्याच्या टाकीत. यंत्रमानव येतात, नेमकं तेव्हाच हृदयाचं दुखणं उमळतं. ट्रंक्सने औषध आणून दिलं होतं, पण डोस वेळेवर घेतला कोणी? सेलच्या वेळी पुन्हा मरण, मग सात वर्षं मुक्काम परलोकी. मधल्या काळात लढायचं काम पिकोलो, सायान व्हेजिटा आणि गोहान यांच्याकडे. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या या गैरहजेरीवर चीची जे बोलते ते नीट ऐका. तिचं चुकत नाही.

लढाईबद्दल थोडक्यात. एका बटणाने ठोसे, एकाने ऊर्जेचे गोळे, एकाने बगल द्यायची, आणि एक दाबून धरलं की हवेत उभं राहून ओरडत अंगात शक्ती साठवायची. मालिकेत अशा वेळी शत्रू सभ्यपणे थांबतो. खेळातला थांबत नाही. तेव्हा आधी त्याला लांब भिरकावून द्या, मग ओरडा. कामेहामेहा हा गोकूचा किरण सोडताना नाव घेऊन सोडतात. ते गोकू घेईल, आपण घेतलंच पाहिजे असं नाही, रात्री एक वाजता तर नाहीच. खिशात औषधाच्या बाटल्या भरपूर ठेवा आणि समोरून जाडजूड किरण येताना दिसला की शौर्य न दाखवता बाजूला व्हा.

यापेक्षा अवघड प्रकरण आहे ते ओळखीपाळखीच्या मंडळींचं. भेटणाऱ्या प्रत्येकाचं एक मानचिन्ह मिळतं. ती चिन्हं वेगवेगळ्या मंडळांच्या पाटांवर मांडायची. एक मंडळ लढवय्यांचं, एक स्वयंपाकाचं, एक संशोधक बुल्माच्या यंत्रांचं. कोणाशेजारी कोण बसला यावर फायदा ठरतो. लग्नाच्या पंगतीत मामाला कोणाजवळ बसवायचं नाही हे ज्यांना माहीत असतं, ते इथे पहिल्याच दिवशी पारंगत होतात. नवरा, बायको, मुलगा शेजारी बसवले की जमतं. एखाद्याचं वजन वाढवायचं तर त्याला भेटवस्तू द्यायच्या. लाच हा शब्द खेळात कुठेही नाही.

सात ड्रॅगन बॉल गोळा झाले की इच्छा पुरवणारा ड्रॅगन शेनरॉन प्रकट होतो. अमरत्व मागायला गेलेल्यांचं या गोष्टीत काय झालं ते लक्षात घेऊन पैसे मागा. ते नको असतील तर मारलेल्या एखाद्या शत्रूला परत बोलवा आणि पुन्हा मारा. त्याचं मानचिन्ह पदरात पडतं.

शेवटी मिस्टर सेटन. सेलला मारणार गोहान, आणि जगभर सत्कार होणार या मिशाळ पहिलवानाचा. आपण सगळी बटणं झिजवलेली असल्यामुळे अंगाचा तिळपापड होईल. तक्रार करायला कोणताही पर्याय दिलेला नाही, आणि ते बरंच आहे. एक तर बू या शेवटच्या खलनायकाच्या वेळी लोकांनी हात वर करून गोकूला शक्ती द्यावी म्हणून त्याचाच आवाज कामी येतो. गोकूला कोण ओळखतं? दुसरं असं की त्याची मुलगी विडेल पुढे गोहानशी लग्न करते. व्याह्यांशी वाकडं घेऊन चीचीला तोंड कोण देणार?