अप-डाऊन-मीमांसा

सुरत-भुसावळ लोहमार्गावर, नवापूर आणि नंदुरबार यांच्या मधे, चिंचपाडा नावाचे स्टेशन आहे. या पट्ट्यातले मास्तर, ग्रामसेवक, नर्सबाई आणि कॉलेजची पोरे रोज अप-डाऊन करतात. 'राहायला कुठं?' 'नंदुरबारला. अप-डाऊन करतो.' एवढ्यावर लोकांचा विषय संपतो. प्रस्तुत संशोधकाचा तिथेच सुरू होतो.

'अप' म्हणजे वर आणि 'डाऊन' म्हणजे खाली, हे पहिलीतले पोरही सांगेल. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे. रेल्वेला मात्र हे मान्य नाही. तिच्या लेखी मुख्य ठाण्याकडे येणारी गाडी अप आणि तिथून लांब जाणारी डाऊन. मध्य रेल्वेचे मुख्य ठाणे मुंबई. त्यामुळे इगतपुरीहून कसाऱ्याकडे, दर ३७ फुटांना १ फूट अशा उतारावर ब्रेक आवळत थळ घाट उतरणारी गाडी 'अप' ठरते. आणि मागून जादा इंजिने लावून, धापा टाकत तोच घाट चढणारी 'डाऊन'. गुरुत्वाकर्षणाला इथे मताधिकार नाही. चिंचपाड्याच्या प्रवाशाने ही भानगड मुळातच मिटवली. दोन्ही शब्द एकत्र बांधले, दिशा काढून टाकली, खाली उरली ती निव्वळ दगदग. मासिक पास काढलेल्या माणसाला वर काय आणि खाली काय!

आता पूर्वपक्ष. इंग्रजी ही वेडी भाषा आहे, एकाच शब्दाच्या पोटात ती दोन उलटे अर्थ ठेवते, असा आरोप आहे. जाणकार अशा शब्दांना दोन तोंडांच्या रोमन देवावरून जेनस-शब्द म्हणतात. 'सँक्शन' घ्या. पंचायत समितीत 'घरकुल सँक्शन झालं' म्हणजे पेढे. बातम्यांत 'इराणवर सँक्शन' म्हणजे कोंडी. मूळ लॅटिन धातूचा रोख कायद्याला पावित्र्य देण्याकडे. कायदा मुभाही देतो आणि दंडही करतो, म्हणून दोन्ही अर्थ औरसच. लाभार्थ्याच्या बाबतीत मात्र पहिला हप्ता खात्यावर पडेपर्यंत दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू असतात, असे आमचे निरीक्षण आहे. 'ओव्हरसाईट' म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. देखरेख समित्यांचा अनुभव असलेल्यांना यात विरोध दिसणार नाही.

सुरत-नागपूर महामार्गावरच्या टँकरचे प्रकरण अधिक गंभीर आहे. एकावर 'फ्लेमेबल', दुसऱ्यावर 'इनफ्लेमेबल'. इनडायरेक्ट, इनकम्प्लीट शिकलेला शहाणा दुसऱ्या टँकरला टेकून निर्धास्त बिडी पेटवायचा. पण इथला 'इन' नकाराचा नव्हेच. दोन्ही टँकर सारखेच पेट घेतात. हाच घोळ ओळखून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी १९२०च्या दशकापासून 'इन' गाळण्याचा आग्रह धरला. इंग्रजीत लाईट 'ऑफ' होते तेव्हा ती जाते, आणि गजर 'ऑफ' होतो तेव्हा तो वाजतो. आपण त्या शब्दाला सरळ रजेवर पाठवले: 'आज ऑफ आहे.' साहेबांचा मूड ऑफ असला तर गोष्ट वेगळी.

इथे आमचा सिद्धांत येतो. मराठी माणूस इंग्रजी शब्द अख्खा घेत नाही. लागेल तेवढा कापून घेतो. 'लेफ्ट' म्हणजे गेलेला आणि उरलेलाही, पण व्हॉट्सॲप ग्रुपमधून कोणी 'लेफ्ट झाला' की तो गेलाच. 'पास आऊट' झाला म्हणजे साहेबाच्या देशात माणूस बेशुद्ध पडतो; आपल्याकडे इंजिनीअर होतो. यावर हसण्याचे कारण नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत छात्र बाहेर पडतात त्या संचलनाचे नावही 'पासिंग आऊट परेड'च आहे. उन्हात फार वेळ उभे केले तर दुसराही अर्थ सिद्ध होऊ शकेल.

राहिला उत्तरपक्ष, आणि तो फिर्यादीला अडचणीचा आहे. आपला पाहुणा 'येतो' म्हणतो आणि जातो. दुकान वाढवले की त्याला कुलूप लागते, नारळ वाढवला की त्याची शकले होतात, बांगडी वाढली की ती हातात उरत नाही. अशुभ बोलायचे नाही म्हणून आपण प्रत्येक शेवटाला भरभराट म्हणतो; इंग्रजीत हे सापडले असते तर त्यावर विनोदी पुस्तके निघाली असती. आणि 'परवा'? तो मागेही असतो आणि पुढेही. कुठला ते क्रियापदाने सांगायचे. किराणा दुकानात 'परवा दिले ना!' आणि 'परवा देतो ना!' यांत एका प्रत्ययाचा फरक आहे. दुकानदार तो ऐकून घेत नाही, वही उघडतो.

शिवाय चिंचपाड्यापासून जवळच नवापूरचे स्टेशन आहे. १९६० साली राज्ये वेगळी झाली आणि त्या फलाटावरून, त्यावरच्या बाकाच्या मधूनच, हद्द गेली. अर्धे स्टेशन महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिथे तिकीट एका राज्यात निघते आणि स्टेशन मास्तर दुसऱ्या राज्यात बसतात. गाडी तरीही थांबते आणि सुटते. एका बाकाला दोन राज्ये चालतात, तर एका शब्दाला दोन अर्थ का चालू नयेत?

सबब, इंग्रजीवरचा वेडेपणाचा आरोप फेटाळण्यात येत आहे. पुरावा नाही म्हणून नव्हे, तर फिर्यादीच्याच घरात तसाच माल सापडला म्हणून. वाचकांनी आपल्या हरकती परवापर्यंत लेखी कळवाव्यात.