शिका, पण नाईट सांभाळून

पुण्यात नर्सनं शिकावं याला हल्ली कुणाचाच विरोध नाही. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं पुणे सेवासदन सुरू झालं, पुढे तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या, तेव्हा अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण निदान विरोधक समोर तरी होते. आता सगळेच म्हणतात, 'सिस्टर, जरूर शिका!' भांडायचं कुणाशी?

समजा, आमच्या सिस्टर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या, आहेत, १२ वर्षं आयसीयूत काढलीत. शीर सापडेना की नवे डॉक्टर हळूच त्यांच्याकडेच बघतात. त्यांना पोस्ट बेसिक बीएस्सी करायचंय. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, कोर्स २ वर्षांचा, पूर्णवेळ. नोकरीही पूर्णवेळ. दिवस २४ तासांचाच करून ठेवला ही चूक विधात्याची. व्यवस्थापनाला का बोल लावा?

एनओसी मागितली तर इन्चार्ज मेट्रनकडे बोट दाखवतात, मेट्रन एचआरकडे. एचआर प्रेमळ. 'अभिनंदन! रिलीव्हर मिळाला की लगेच सोडतो.' रिलीव्हर अजून कुणी पाहिलेला नाही.

तरीही बाई हट्टी. पगारावर पाणी सोडून किंवा कायमची नाईट पत्करून प्रवेश घेतातच. पहिल्याच वर्षी विषय 'नर्सिंग फाउंडेशन'. सिस्टरांच्या निम्म्या वयाची ट्यूटर शिकवते, चादरीचे कोपरे कसे दुमडायचे. सिस्टर निमूटपणे दुमडतात. 'कोपरा सैल आहे, पुन्हा करा.' पुन्हा करतात. घरी जर्नल रंगवायचं, शीर्षकाखाली लाल रेघ पट्टीनंच मारायची. मुलगा दहावीला, आई फर्स्ट इयरला. क्लास लावायची ऐपत एकाचीच. सासूबाई विचारतात, 'या वयात कशाला गं? इंजेक्शन तर येतंच की तुला.' प्रश्न अगदीच चुकीचा नाही, कारण पदवीनंतर पगार किती वाढेल यावर एचआरचं प्रेमळ मौन आहे.

दुसऱ्या वर्षी 'नर्सिंग अॅडमिनिस्ट्रेशन'. रात्रभर दोघींनी ३० पेशंट सांभाळून सिस्टर सकाळी वर्गात बसतात आणि वहीत उतरवतात: भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार साध्या रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ नर्स, शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ मागे १. परीक्षेत हे हमखास येतं म्हणे. वॉर्डात अजून यायचंय.

निकाल लागला, सिस्टर फर्स्ट क्लास! पेढे घेऊन वॉर्डात गेल्या. इन्चार्जनी दोन उचलले, तोंडभरून कौतुक केलं आणि ड्युटीचा तक्ता पुढे ओढला.

'आता अभ्यास संपला ना? मग या आठवड्याची नाईट तुम्हीच घ्या.'