कटिंग सर

तुमच्याही कॉलेजात ते होतेच. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी शिकवायला येणारे, पहिल्याच तासाला फळ्यावर 'चहा करण्याचा अल्गोरिदम' लिहिणारे. बाकीच्या कॉलेजांत हा चहा त्या तासाबरोबर संपतो. आमच्या सरांनी तो वर्षभर उकळला. म्हणून ते कटिंग सर.

"आईला 'चहा टाक' म्हटलं की पुरतं," सर म्हणायचे. "संगणकाला भांडं कुठलं, पाणी किती, गॅस कधी लावायचा, सगळं सांगावं लागतं. कारण आई हुशार आहे आणि संगणक मठ्ठ." पुढे धरणं आणि पूल बांधायला निघालेली सिव्हिलची पोरंही हे वहीत उतरवून घेत.

मग इफ आलं: साखर हवी का? लूप आला: पाहुणे उठत नाहीत तोवर चहा. कधीच न थांबणारा लूप आला: चहा येतोय तोवर पाहुणे उठत नाहीत. ॲरेमध्ये कपांची मोजणी शून्यापासून सुरू झाली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एकाने कँटीनमध्ये "शून्यावा कप आण" अशी ऑर्डर दिली. कँटीनवाल्याने काहीच आणलं नाही. सरांना हे कळल्यावर ते म्हणाले, "कंपायलर बरोबर आहे."

स्कॅनएफमध्ये ॲम्परसँड विसरणाऱ्याला ते उभं करत. "पत्ता न देता चहा मागवलास. पोऱ्या केटली घेऊन कुठे जाईल? भलत्याच्या टेबलावर ओतून येईल." आणि पॉइंटर? "पॉइंटर म्हणजे चहा नव्हे रे, टपरीचा पत्ता!" तोंडी परीक्षेला एकाने हेच उत्तर जसंच्या तसं दिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी त्याच्याकडे, मग सरांकडे पाहिलं. सर छताच्या पंख्याकडे पाहत होते.

मला या चहाचा मनस्वी वैताग होता. जर्नल म्हणजे ऐम, अल्गोरिदम, स्टेन्सिलने काढलेला फ्लोचार्ट, प्रोग्रॅम आणि आउटपुट. हे सगळं आधीच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवायचं, सही घ्यायची आणि सुटायचं, एवढीच आमची महत्त्वाकांक्षा. पण एकदा टर्बो सीच्या त्या निळ्या पडद्यावर माझा फॅक्टोरियल बिघडला. सातापर्यंत ठीक, 5040. आठाला उत्तर आलं उणे 25216. मी तीनदा प्रोग्रॅम तपासला, शेवटी मशीनच्या पाठीत दोन थापा मारल्या. सर मागे येऊन उभे राहिले.

"केवढ्या कपात ओततोयस?"

"सर, फॅक्टोरियल आहे."

"तेच विचारतोय. या मशीनवरच्या इंटच्या कपात 32767 मावतात. तू 40320 ओतलेस. सांडणारच. कप मोठा घे."

इंटच्या जागी लाँग लिहिलं, प्रिंटएफमध्ये एल घातला आणि आकडा बरोबर आला. त्या दिवशी सरांचा चहा मला पहिल्यांदा लागला. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सर आता निवृत्त आहेत आणि दुर्दैवाने आमच्याच सोसायटीत राहतात. हल्लीची पोरं एआयकडून अख्खा प्रोग्रॅम लिहून घेतात, असं मी त्यांना हौसेने सांगितलं. वाटलं, चिडतील. ते एवढंच म्हणाले, "आयता चहा पिणाऱ्याला आधण कधी आलं ते कळत नाही."

परवा त्यांनी मला बोलावून घेतलं. काकू सहा महिन्यांसाठी लेकीच्या बाळंतपणाला सॅन होजेला गेल्या आहेत. स्वयंपाकघरात जळका वास आणि मोरीत काळंठिक्कर पातेलं. तेव्हा कळलं, वर्षानुवर्षं फळ्यावर चहा उकळणाऱ्या या माणसाने घरी कधी गॅस पेटवलेला नव्हता. फ्रिजवर काकूंच्या अक्षरात कागद होता: एक कप पाणी, दोन चमचे साखर, उकळी आली की पावडर, मग दूध, मग गाळणे.

"बग सापडतो का बघ," सर म्हणाले.

मी दोनदा वाचलं. "सर, गॅस बंद करायची ओळच नाही."

"नाहीच आहे." ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. "तिला वाटलं असेल, एवढं न सांगता कळेल मला."

मी पेन काढलं. त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. प्रोग्रॅम तिचा आहे. जूनमध्ये येईल, तीच दुरुस्त करील."

मग त्यांनी कागदाबरहुकूम, एकेका ओळीवर बोट ठेवत, दोन कप चहा केला. पाणी एकाच कपाचं असल्यामुळे तो कटिंगच झाला. बरा होता. गॅस मी बंद केला.