चिरंजीव आणि त्यांच्या भिंती

सगळ्या जगाने आपलं नाव वाचावं आणि त्याच वेळी आपल्याला कुण्णीही ओळखू नये, असं मनापासून वाटणारी एक जमात आहे. वय सतरा ते चोवीस. पाठीला सॅक, सॅकमध्ये स्प्रेचे कॅन, ते वाजू नयेत म्हणून त्यांना गुंडाळलेला घरातला टॉवेल, आणि नखांत मागच्या आठवड्याचा निळा रंग. लोकलमध्ये खिडकी मिळाली तर ही मुलं भिंती बघतात. खाडी आली की मोबाइल काढतात.

मास मीडियाच्या शेवटच्या वर्षी डॉक्युमेंटरी करायची होती, तेव्हा यातला एक नमुना आमच्या वाट्याला आला. त्याचं नाव सांगायचं नाही, ही पहिली अट. त्याचा टॅग, म्हणजे भिंतीवर लिहायचं नाव, तेही सांगायचं नाही, ही दुसरी. परळपासून वांद्र्यापर्यंत जे नाव शटरवर, खांबांवर आणि डीपीच्या पेट्यांवर त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय, ते आमच्या फिल्ममध्ये उच्चारायला मात्र बंदी! त्याची आई त्याचा उल्लेख 'आमचे चिरंजीव' असा करते, तोही बहुधा वैतागून. मीही तेच वापरते.

मला वाटलं होतं, कोणीतरी बंडखोर भेटेल. चिरंजीव भेटले आणि लक्षात आलं, हे तर आमचे फ्लॅट बघायला निघालेले मामा. तीच चाल, मागे बांधलेले तेच हात. भिंत दिसली की थांबायचं, बोटाच्या पेराने ठोकायचं, मान तिरकी करून ऐकायचं. "प्लास्टर पोकळ आहे." पुढची भिंत. "ओल आहे ताई, जूनमध्ये सगळं पोपडे धरणार." पुढची. "ही बरी होती, पण कुणीतरी चुना मारलाय. चुन्यावर स्प्रे बसत नाही, हात लावला की पावडर." माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेला मुलगा मला शहराच्या बांधकामाचा दर्जा समजावून सांगत होता, आणि कॅमेरा सांभाळणारा माझा मित्र मागून कुजबुजत होता, "हा रंगवणार कधी?"

चेहरा दाखवायचा नाही, म्हणून मुलाखत माकडटोपीत. मे महिन्यात. चाळीच्या गच्चीवर, पत्र्याखाली. घामाने टोपी काळी पडली तरी गडी हलला नाही. आवाजही एडिटमध्ये बदलायचं ठरलं. पण प्रत्येक वाक्याची सुरुवात "विषय असा आहे ताई" आणि शेवट "बाकी सीनच नाही" असा असेल तर आवाज बदलून काय उपयोग? शूटिंग चालू असताना वाळत घातलेल्या पापडांचं ताट उचलायला एक आजी आल्या, माकडटोपीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, गॅसवाला उद्या येणारे." ते आम्ही फिल्ममध्ये ठेवलं. चिरंजीवांना ते आवडलं नाही.

या मुलांना त्यांचा इतिहास मात्र पाठ असतो, आणि तो ती हरदासी थाटात सांगतात. फिलाडेल्फियाचा कॉर्नब्रेड, साठच्या दशकातला, हा आद्यपुरुष. मग न्यूयॉर्कचा टाकी १८३. टाकी हे नाव, १८३ हा त्याच्या रस्त्याचा नंबर. पोरगा निरोप्याचं काम करायचा, शहरभर हिंडायचा आणि जाईल तिथे नाव लिहायचा. १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली आणि दुसऱ्या दिवसापासून शंभर टाकी निपजले. इथे चिरंजीव आवाज खाली आणतात. "विषय असा आहे ताई, तो आपल्यासारखाच. कुरियरवाला." चिरंजीव स्वतः संध्याकाळी औषधांच्या दुकानाची डिलिव्हरी करतात, त्यामुळे 'आपल्यासारखाच' म्हणताना त्यांची मान जराशी वर जाते.

परवानगीने केलेल्या चित्रांबद्दल त्यांचं मत तिखट आहे. तुळशी पाइप रोडची लांबलचक भिंत २००९ मध्ये पालिकेच्या संमतीने लोकांनी रंगवली, तेव्हा चिरंजीव बालवाडीत; पण त्याबद्दल ते स्वतः उपस्थित असल्यासारखे नापसंती व्यक्त करतात. वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ साली दादासाहेब फाळके रंगवले गेले. फिल्मवाल्या माणसाला ती भिंत म्हणजे देऊळच. मी हात जोडायच्या बेतात होते, तेवढ्यात हे म्हणाले, "म्युरल आहे ताई. ग्राफिटी नाही. यात पाळणा मिळतो, हेल्मेट मिळतं, चहा मिळतो. रिस्क काय?" मग बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "पाळणा कुणाकडून घेतला असेल?"

आपलं काम बेकायदा आहे याचा त्यांना अभिमान आहे, पण त्या अभिमानाला नियम फार. देवळावर लिहायचं नाही, कबरीवर लिहायचं नाही, कुणाच्या राहत्या घरावर विचारल्याशिवाय लिहायचं नाही, दुसऱ्याच्या चांगल्या पीसवर लिहायचं नाही. पीस म्हणजे वेळ काढून, तीन-चार रंगांत केलेलं काम. घाईत फुगीर अक्षरं काढून पळायचं ते थ्रो-अप. कालपरवा शिकलेल्या, कुठेही रेघोट्या मारणाऱ्या पोरांना हे लोक 'टॉय' म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना चिरंजीवांचा चेहरा आमच्या शास्त्रीय संगीताच्या बाईंसारखा होतो. गडावर कुणीतरी बदाम काढून 'अमुक लव्हज तमुक' कोरलंय हे ऐकलं की त्यांचा तोल जातो. "अशा लोकांना आत टाकलं पाहिजे!" मी आठवण करून दिली की १९९५चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हा त्यांनाही लागू आहे. त्यावर त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. एका पक्षाने पांढरा पट्टा मारून निवडणुकीसाठी ती आधीच धरून ठेवली होती, खाली एका बंगाली बाबाचा फोन नंबर, त्याखाली इंग्रजी शिकवणीची जाहिरात. "यांना कोण विचारतं? मी तर कुणाला मतही मागत नाही." याला उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

चिरंजीव नाव देवनागरीत लिहितात. दिल्लीचा 'डाकू' देवनागरीत लिहितो, हे त्यांनी पाहिलं आणि इंग्रजी अक्षरं सोडली. पण ग्राफिटीची सगळी करामत रोमन अक्षरांवर पोसलेली. ती अक्षरं सुटी असतात, त्यांना वाकवा, एकमेकांत घुसवा, कुणाची तक्रार नाही. आपली अक्षरं शिरोरेषेला धरून लटकलेली. शिरोरेषा काढली तर अक्षर ओळखू येत नाही आणि ठेवली तर सगळं दुकानाच्या पाटीसारखं दिसतं. या प्रश्नावर चिरंजीवांनी वह्याच्या वह्या भरल्यात. वेलांटीचा बाण केलाय, उकाराची शेपटी खाली जमिनीपर्यंत ओढलीय, मात्रेला ज्वाळा लावल्यात.

एकदा लालबागला एक म्हातारे पेंटर शिडीवर बसून दुकानाची पाटी रंगवत होते. खाली कोपऱ्यात स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर टाकायची त्यांची पद्धत. चिरंजीव खाली उभे राहून बघत होते, कारण फुकटात शिकायला मिळालं तर ते सोडत नाहीत. मग धीर करून त्यांनी वही पुढे केली. पेंटरकाकांनी चष्मा वर केला, वही आडवी धरली, उभी धरली. "शिरोरेषा आधी काढतोस काय?" हो. "म्हणून अक्षरं भेदरलीत. आधी अक्षरं उभी कर, मग वरून एका दमात रेघ मार." एवढं बोलून ते पुन्हा 'किराणा'च्या 'णा'कडे वळले. त्या दिवसापासून आमच्या बहाद्दराची पद्धत बदलली. सगळं नाव आधी बिनडोक्याचं रंगवायचं. मग कॅन उलटा करून नळी मोकळी करायची, जाड रेघेची कॅप लावायची, डाव्या टोकाला उभं राहायचं, श्वास आत घ्यायचा आणि भिंतीला समांतर चालत, हात अजिबात न हलवता, नुसत्या पायांनी रेघ ओढायची. मध्ये श्वास सोडला तर रेघेला पोट येतं. रेघ संपली की ते जोरात "हुश्श" करतात. आमच्या फिल्ममधला तोच एक क्षण असा आहे की तिथे पार्श्वसंगीत लावावंसं वाटलं नाही.

संगीतावरून आठवलं. कॅन हलवताना आतली गोळी खडखडते, तो आवाज आमच्या साउंडवाल्या मैत्रिणीला हवा होता. बिचारी बूम घेऊन मागे मागे. आणि चिरंजीवांनी तो आवाज मारण्यासाठी कॅनच्या बुडाला लोहचुंबक लावलेलं! रंग नीट मिसळून घेतला की चुंबक चिकटवायचं. पोलादी गोळी तळाला बसून राहते, रात्री गस्तवाल्याला ऐकू जात नाही. चुंबक स्ट्रॉबेरीच्या आकाराचं होतं, त्यावर 'महाबळेश्वर'. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काकू, म्हणजे चिरंजीवांच्या आई, फ्रिजच्या मागे वाकून तेच शोधत होत्या.

आता काकूंकडे यायलाच हवं. ग्राफिटीवर १९८३ साली आलेली 'स्टाइल वॉर्स' ही डॉक्युमेंटरी आम्हाला वर्गात दाखवली होती. तिच्यात रात्री आगगाड्या रंगवणारी पोरं आहेत, पोलीस आहेत, महापौर आहेत. आणि लक्षात राहते ती स्वयंपाकघरात पोराची झाडाझडती घेणारी एक आई. काकूंनी ती फिल्म पाहिलेली नाही, पण भूमिका तंतोतंत वठवली. कांदा चिरता चिरता त्यांनी मुलाच्या वहीवर मत दिलं. "अरे, नावच लिहायचंय ना? मग वाचता येईल असं लिही की. पहिलीत याचं अक्षर किती सुंदर होतं, अगं. बाई सगळ्या वर्गाला वही दाखवायच्या." चिरंजीव माकडटोपीतून म्हणाले, "आई, शूटिंग चालूए." "चालू दे. ती टोपी काढ आधी, उकडेल."

काका जेवत होते. त्यांनी मोबाइलवर पीसचा फोटो लांब धरून बघितला आणि एवढंच विचारलं, "कंत्राट कितीचं होतं?"

फिल्मला एक रात्रीचं दृश्य हवं होतं. ते वांद्र्याच्या रनवारमध्ये घेतलं, आणि कॉलेजच्या भीतीने रीतसर परवानगीच्या भिंतीवर. घरमालकीणबाईंनी आनंदाने हो म्हटलं होतं. चिरंजीवांची मात्र कुचंबणा. डोक्यावर हूड, चारही दिशांना चोरटी नजर, पाय पळायच्या तयारीत, आणि बाई गाऊनवर ओढणी घेऊन दारात खुर्ची टाकून बसलेल्या. "इकडे थोडा अंधार आहे, बल्ब लावू का रे?" मग चहा आला. मग बटर आले. नाव पूर्ण झालं, शिरोरेषा मारून झाली, हुश्श झालं, बाईंनी उठून जवळ येऊन नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "छान! आता बाजूला 'नो पार्किंग' पण लिही, बाबा. मोठ्ठं लिही." चिरंजीवांनी लिहिलं. कुरकुरत लिहिलं, पण सावली देऊन, दोन रंगांत लिहिलं. त्या भिंतीपाशी आता कुणी स्कूटर लावत नाही, आणि नावाकडे कुणी बघतही नाही. सगळे 'नो पार्किंग'चे फोटो काढतात.

संमतीपत्रावरही असाच घोळ. चिरंजीवांनी सही केली ती अर्थातच टॅगची, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाणासकट. ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी कागद परत केला: नाव स्पष्ट अक्षरात लिहा. दुसरी सही जराशी आवरलेली; परत. शेवटी त्यांनी पहिलीतल्या वळणदार अक्षरात, नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहून दिलं आणि मला बजावलं की हा कागद कुणाला दाखवायचा नाही. त्यांच्या मते हा त्यांच्या कारकिर्दीवरचा डाग आहे.

फिल्म दाखवली तेव्हा ते शेवटच्या रांगेत, तोंडाला रुमाल बांधून बसले होते. परीक्षकांनी काय म्हटलं ते सोडून द्या. चिरंजीवांची तक्रार एकच: श्रेयनामावलीत अक्षरांमधलं अंतर चुकलंय.

सध्या त्यांना एका बालवाडीची भिंत मिळाली आहे. हत्ती, फुगे, अ अननसाचा. पैसेही बरे. अडलं ते एका गोष्टीवर: हत्तीच्या कानामागे त्यांना टॅग टाकायचा होता आणि संचालिकाबाईंना ते 'काहीतरी खरडलेलं' नको होतं. दोन दिवस वाटाघाटी चालल्या. टॅग राहिला, बदल्यात चिरंजीवांनी पाचशे रुपये कमी घेतले. घरी येऊन विजयी मुद्रेने ही बातमी त्यांनी सांगितली तेव्हा मी तिथेच होते. काकूंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"म्हणजे स्वतःचं नाव लिहायला तूच पाचशे रुपये दिलेस?"